पंपाचा हिशोब आणि उन्हाळ्यातले गणित

आज बियाण्यांवर किंवा खतांवर नाही, गणितावर बोलायचे आहे. पान उलटू नका. विषय तुमच्या बांधापर्यंत येतो.

मागच्या खरिपात जुन्नर तालुक्यातल्या एका शिवारात पाहणीला गेलो होतो. सोयाबीन पिवळे पडून खुरटले होते. तणनाशकाची शिफारस होती एकरी ४०० मिली, २०० लिटर पाण्यातून. म्हणजे लिटरला २ मिली, १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. गड्याने अंदाजाने झाकणे मोजली आणि पंपाला १०० मिलीच्या आसपास ओतले. घरचा मुलगा दहावीला गणितात पंच्याऐंशी मार्क मिळवलेला. त्याला विचारले, "बाळा, हिशोब का नाही केलास?" तो म्हणाला, "साहेब, असलं गणित पुस्तकात नव्हतं."

पोराला काय बोलणार? त्याला गणिते पाठ करून दिली होती, गणित मांडायला कुणी शिकवले नव्हते.

हीच अडचण विद्यापीठातही आहे. एम.एस्सी.ला पोचलेली मुलेही सिद्धता घोकून पास होतात. त्यावर उपाय म्हणून प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये उन्हाळी प्रशिक्षण शिबिरे सुरू केली. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने मदत दिली. महाविद्यालयातली मुले चार आठवडे एकत्र राहतात. शिक्षक फळाभर लिहून देत नाही, प्रश्न विचारतो आणि थांबतो. उदाहरणे करत करत मुले नियमापर्यंत स्वतः पोचतात.

आपल्या पुण्यातही असे काम चालते. लॉ कॉलेज रस्त्याजवळ, एरंडवण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकवणारे थोर गणिती प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली ते स्थापन केले. अभ्यंकर २०१२ मध्ये गेले, पण तिथे शाळकरी मुलांची ऑलिंपियाडची तयारी आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण सुरू आहे. गावातले एखादे पोर गणितात खरोखर हुशार असेल, तर मुख्याध्यापकांनी तिथे चौकशी जरूर करावी.

तुम्ही म्हणाल, "साहेब, ते पुणं, इथं कोण शिकवणार?" आठवा, ६१७४ हा जगप्रसिद्ध आकडा शोधणारे द. रा. कापरेकर देवळालीचे शाळामास्तर होते. चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. मोठ्याकडून लहान आणि लहानाकडून मोठे अंक मांडून वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येतेच. वर सांगितलेले १९७६ घेऊ: ९७६१ वजा १६७९ म्हणजे ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. रात्री जेवण झाल्यावर पोरांना घालून बघा, झोपायला तयार होणार नाहीत.

दुसरे गणित विहिरीचे. गोल विहिरीचा व्यास ६ मीटर, आत ४ मीटर पाणी. त्रिज्या ३, तीन गुणिले तीन गुणिले ३.१४ गुणिले ४ म्हणजे ११३ घनमीटर, सुमारे १ लाख १३ हजार लिटर. एका एकरात एक इंच पाणी उभे करायला लागते सुमारे १ लाख ३ हजार लिटर. म्हणजे भरलेली वाटणारी ही विहीर एका एकराला जेमतेम एक इंच पाणी देते. हे पोराने स्वतः दोरीने मोजून काढले, तर ठिबकसाठी मला वेगळे भाषण करावे लागणार नाही.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजींना विनंती. मे महिन्यात शाळेच्या व्हरांड्यात आठ दिवस, रोज सकाळी एक तास असे शिबिर घ्या. पुण्याला शिकणारी गावचीच मुले तेव्हा सुट्टीवर आलेली असतात, त्यांना शिकवायला उभे करा. त्यांचाही पाया पक्का होईल. सामान फार नको: टेप, दोरी, वजनकाटा, फवारणीचा पंप आणि मापाचा पेला. पंपात फक्त साधे पाणी घ्या, औषधाची बाटली मुलांच्या हाती देऊ नका. एकच नियम पाळा: उत्तर लगेच सांगायचे नाही, पोराला विचार करायला वेळ द्यायचा.

आणि तोवर, बंधूंनो, झाकणाने औषध मोजणे आजपासून बंद. पंपाशेजारी मापाचा पेला ठेवा, आणि मिली किती हे घरच्या पोराकडून काढून घ्या.