रुग्णाजवळ (लेखांक ६) : लाली दिसत नाही तेव्हा

नर्सिंगच्या पुस्तकात शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोरची, पहिली खूण ठरलेली असते: हाडाच्या उंचवट्यावर लाल डाग येतो आणि बोटाने दाबूनही त्याची लाली जात नाही. हे वाचून वॉर्डात आलेली विद्यार्थिनी सावळ्या आजोबांना कुशीवर वळवते, माकडहाडाच्या वरची जागा पाहते. लाल काही दिसत नाही, म्हणून चार्टवर ‘त्वचा ठीक’ असं लिहिते. काही दिवसांत तिथली कातडी फाटते. मुलीने पाहिलं नाही असं नाही. पुस्तकातली खूण गोऱ्या कातडीवरून लिहिलेली आहे आणि आपल्या वॉर्डातली बहुतेक माणसं सावळी आहेत. सावळ्या कातडीत काय शोधायचं हे शिकवलंच गेलं नाही, तर दोष शिकवण्याचा आहे.

लाली का दिसत नाही, हे कळायला त्वचेचे थर पाहावे लागतात. सगळ्यांत वर बाह्यत्वचा. पापणीवर ती जेमतेम 0.05 मिलिमीटर जाड असते, तळपायावर सुमारे दीड मिलिमीटर. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. तिच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात. बाह्यत्वचेखाली अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं हा सगळा संसार तिथे. त्याखाली चरबीचा थर. लाली म्हणजे अंतस्त्वचेत साठलेलं रक्त, आणि ते आपण मेलॅनिनच्या पडद्यातून पाहत असतो. त्यामुळे सावळ्या अंगावर तीच लाली जांभळट, करडी किंवा आजूबाजूपेक्षा थोडी गडद दिसते. कधी दिसतही नाही.

अशा वेळी डोळ्यांच्या मदतीला हात लागतो. अंगाची ऊब तळहातापेक्षा हाताच्या पाठीला चांगली समजते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, डोक्याची मागची बाजू या जागांवरून ती फिरवा. भोवतालच्या कातडीपेक्षा ही जागा गरम आहे की गार? बोटांना कडक लागते की लिबलिबीत? रुग्णाला बोलता येत असेल तर दुखतं का, ते विचारा. एका टाचेवर शंका आली, तर दुसरी टाच चाचपून तुलना करा. यातला एक जरी बदल जाणवला, तरी रंगाची वाट न पाहता त्या जागेवरचा भार काढायचा. हाड आणि गादी यांच्यामध्ये केशवाहिन्या चिरडल्या जातात, रक्त पोचत नाही आणि मांस आतूनच मरू लागतं. वरची कातडी फाटते ती नंतर.

धोका आधीच ओळखायला ब्रेडन मापन आहे. संवेदना, ओलावा, वावर, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा बाबींना गुण देतात. गुण जितके कमी तितका धोका जास्त. 23 पैकी 18 किंवा त्याहून कमी आले की सावध व्हायचं. पण गुण लिहिले म्हणून कोणाचा बेडसोर टळत नाही. रुग्णाची कूस बदलावीच लागते. ती साधारण दर दोन तासांनी बदलण्याचा प्रघात आहे. लघवीने ओली झालेली चादर लगेच काढावी लागते.

रंग पाहायचाच असेल, तर उजेड नीट हवा. रुग्णाला शक्य तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली कावीळ लपते. ती डोळ्यांच्या पांढऱ्या भागात शोधायची. रक्त कमी असेल तर खालच्या पापणीच्या आत, जिभेवर, तळहातावर फिकेपण दिसतं. प्राणवायू कमी पडला तर ओठ, जीभ आणि हिरड्या पाहायच्या.

आता नेहमी भेटणारे काही त्रास. खरूज ओळखायला बहुधा प्रश्नच पुरतात: रात्री जास्त खाज येते का, घरात आणखी कोणी खाजवतं का? मग बोटांच्या बेचक्या, मनगटं, काखा, कंबर पाहा. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार हवेत, खाज नसलेल्यांवरसुद्धा. गजकर्णाची कड उठावदार आणि खवलेदार, मधला भाग निवळत गेलेला. जांघेत आणि परकराची नाडी बसते तिथे ते हमखास आढळतं. पण दुकानातून आणलेलं स्टिरॉइडमिश्रित मलम लावलेलं असलं, तर खाज तात्पुरती थांबते, कड पुसट होते आणि बुरशी पसरत राहते. ‘आतापर्यंत काय लावलंत?’ हे विचारा, जमलं तर ट्यूबच आणायला सांगा.

नागीण मात्र अंगाची रचना समजली की लगेच कळते. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि पुढे कधीतरी एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो, त्यामुळे पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा मध्यरेषेपाशी थांबतो. नागिणीने कमरेला पूर्ण विळखा घातला की माणूस दगावतो, ही भीती अजून गावोगाव आहे. रुग्णाला हे कारण सांगून धीर द्या. फोडांच्या आधी एक-दोन दिवस आग किंवा ठणका असतो. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. मंत्रतंत्रात नेमका तोच वेळ जातो. डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टर.

फिकट चट्ट्यांकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं, असं मला वाटतं. पाठीवरची शिबं, अंगावरचं कोड आणि कुष्ठरोगाचा चट्टा घरच्यांना सारखेच वाटतात. कोड दुधासारखं पांढरं असतं, तिथे स्पर्श नीट कळतो, आणि ते संसर्गाने पसरत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो. तो सहसा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस तो दाखवायला येतच नाही. कुष्ठरुग्णांसाठीचं वरोऱ्याचं आनंदवन आणि वर्ध्याजवळचं दत्तपूर जिथे उभं राहिलं, त्या विदर्भात तरी या चट्ट्याकडे काणाडोळा होऊ नये. तपासणी अगदी साधी आहे. कापसाचं टोक आधी निरोगी कातडीवर लावून रुग्णाला समजावून द्या. मग डोळे मिटायला सांगा, चट्ट्यावर टेकवा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड झाली आहे का, तेही चाचपा.

स्पर्श कळत नसेल तर मलम देऊन घरी पाठवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथे औषध मोफत मिळतं, ते सहा किंवा बारा महिने घ्यायचं असतं आणि रोग पूर्ण बरा होतो.