चिंधीचा कागद, चिंधीची गोधडी

गोधडी आणि हातकागद या दोन्ही कलांचा कच्चा माल एकच आहे: टाकाऊ सुती कापड. कापसाच्या तंतूत ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते आणि लाकडात असणारे लिग्निन जवळजवळ नसतेच. सुती कापड विरले की अंगाला मऊ लागते, सुईला अडवत नाही, पाणी चटकन शोषते आणि कुटले तर त्याचे तंतू सुटे होतात. पहिल्या दोन गुणांवर गोधडी उभी आहे, उरलेल्या दोन गुणांवर कागद. घरच्या घरी हाताने काही करू पाहणाऱ्याला या दोन्ही कला आजही खुल्या आहेत, कारण त्यांची सुरुवात दुकानात होत नाही. ती कपाटाच्या तळाशी पडलेल्या बोचक्यात होते.

गोधडीला पश्चिम महाराष्ट्रात वाकळ म्हणतात, तान्ह्या बाळाच्या गोधडीला दुपटे. तिचे माप लुगडे ठरवते. नऊवारी लुगडे साधारण ८ मीटर लांब असते. चार पदरी दुमडले की २ मीटर लांबीची, चार थरांची पट्टी आपोआप तयार होते, आणि अशा दोन पट्ट्या शेजारी जोडल्या की दोन माणसांचे पांघरूण होते. आत भर म्हणून धोतरे, परकर, सदऱ्यांच्या बाह्या असे जे निघेल ते जाते. मात्र आधी गुंड्या, हूक आणि जाड शिवणी उसवून काढाव्या लागतात, नाहीतर तिथे सुई मोडते. सर्वांत टिकाऊ कापड खाली आणि नजरेत भरणारे वर, हा बहुतेक घरांतला रिवाज.

शिवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. थर जमिनीवर पसरून, हाताने सारखे करून, कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवतात. कडा आत मुडपून पहिला धावदोरा कडेने घालतात. मग बोटभर अंतर सोडून दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी, असे चौकोनी फेरे घेत शिवणारी बाई मध्याकडे सरकत जाते. गोधडी इतकी मोठी असते की शेवटचे फेरे तिच्यावर बसूनच घालावे लागतात. पाश्चात्त्य देशांत रजई शिवताना बहुधा उलट करतात: मध्यापासून सुरुवात करून सैल कापड कडेकडे ढकलतात, म्हणजे पृष्ठभाग सपाट राहतो. गोधडीत कडा आधी बांधल्या गेल्याने सैल कापडाला बाहेर जायला वाटच नसते. ते टाक्याटाक्यात वाटून घ्यावे लागते. प्रत्येक ओळीआधी तळहात फिरवून ते पुढे सारायचे आणि उरेल ते टाक्यात हळूच चुणायचे, हेच खरे कसब. त्यातून गोधडीवर बारीक खळगे उमटतात. थरांमध्ये आणि या खळग्यांत हवा अडकते, म्हणून तीन-चार पातळ कापडे मिळून एका जाड चादरीपेक्षा अधिक ऊब देतात.

निर्मितीचा प्रश्न ठिगळापाशी सुरू होतो. वरचे लुगडे एका ठिकाणी फाटले आहे, तिथे ठिगळ लावणे भाग आहे. ते कोणत्या रंगाचे लावायचे? एकटेच ठेवायचे, की त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, फाटलेले नसतानाही, त्याच रंगाचे दुसरे लावायचे? काठ कापून टाकायचा की चौकटीसारखा भोवती फिरवायचा? दोरा कापडात मिसळणारा घ्यायचा की उठून दिसणारा? कितीही साधी गोधडी असली तरी असे पन्नास निर्णय तिच्यात असतात आणि ते आधी कागदावर आखलेले नसतात. हाताशी असलेली चिंधी पुरेल तितकेच करायचे, ही मर्यादाच रचना सुचवते. बाजारात हल्ली हस्तकलेचे तयार संच मिळतात. त्यांत रंग निवडलेले, तुकडे कापलेले, नक्षी छापलेली असते. वेळ त्यातही चांगला जातो, पण निवडण्याचे काम दुसऱ्याने आधीच उरकलेले असते, आणि या कलांचा खरा आनंद तर निवडण्यातच आहे.

तुकड्यांना रचना देण्याची ही बुद्धी फार जुनी आहे. बौद्ध भिक्खूंनी टाकून दिलेल्या चिंध्यांची चीवरे वापरावीत असा प्रघात होता. मगधातली बांधांनी आखलेली शेते दाखवून बुद्धांनी आनंदाला तशा आखणीची चीवरे करता येतील का असे विचारले आणि आनंदाने ती केली, असे विनयपिटकात सांगितले आहे. गरजेपोटी जोडलेल्या तुकड्यांना दिलेले ते एक नेमके आरेखन होते. बंगालची कांथा याच कुळातली. तिथे धावदोऱ्यानेच माणसे, प्राणी, कमळे चितारतात. महाराष्ट्राच्या अधिक जवळची बहीण म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागातल्या सिद्दींचे अनेक पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणले गेले होते आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलात वसले. त्यांची घरातली बोली आजही कोकणीच्या जवळची आहे. कवंदीही कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने आत जाते, पण तिचा सगळा दर्शनी भाग लहानमोठ्या भडक तुकड्यांनी भरलेला असतो आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत.

अशा कामाला कला म्हणायला जगाने उशीर केला. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. शिवणाऱ्या स्त्रियांना त्यांचे मोल त्याआधीही ठाऊक होते.

कागदाची वाट वेगळ्या गल्लीतून गेली. दख्खनमध्ये दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातले जुन्नर ही हातकागदाची नावाजलेली ठाणी. दौलताबादी आणि जुन्नरी कागद मराठी दप्तरांत चाले. कागद करणारी कागदी कुटुंबे त्या काळी तागाची पोती, जुने दोर आणि रद्दी कुटून लगदा करत, गवताच्या काड्यांच्या चटईवर तो पाण्यातून उचलत, वाळलेल्या तावाला खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही हाताळता येतात. त्याच्या शेजारी शंभर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र ठेवले तर ते पिवळे पडून कडेने तुटते, कारण त्यात लाकडाचे लिग्निन राहिलेले असते.

गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा धंदा बसला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली जे. सी. कुमारप्पा यांनी तिथल्या मगनवाडीत जे ग्रामोद्योग नव्याने उभे केले, त्यांत हातकागद होता. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. तिच्यामागे के. बी. जोशी यांची खटपट होती, आणि ती ज्या रस्त्यावर आहे त्याला आता त्यांचेच नाव आहे. येथपासून सुती चिंधी हातकागदाचा मुख्य कच्चा माल झाली: गंजिफ्रॉक आणि टी-शर्टच्या कारखान्यांत उरणारी कातरण. ती निवडून, बारीक कापून, बीटर यंत्रात पाण्याबरोबर काही तास कुटतात. नुसते तुकडे करणे पुरेसे नसते. कुटल्याने तंतूची कड पिंजली जाते आणि पिंजलेले तंतू वाळताना एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात. म्हणून चांगल्या कागदाला डिंकाची गरज पडत नाही. खळ लागते ती फक्त शाई फुटू नये म्हणून.

घरात बीटर नसतो आणि कापड मिक्सरमध्ये घालू नये, कारण धागे पात्याला गुंडाळून मोटर जळते. घरी सुरुवात रद्दीपासूनच करावी. वापरलेल्या वह्यांचा कागद उत्तम, वर्तमानपत्र दुय्यम, चकचकीत मासिके अजिबात नकोत. कागदाचे बोटाएवढे तुकडे रात्रभर भिजवून, मूठभर लगद्याला भरपूर पाणी घालून, मिक्सर थांबत थांबत फिरवावा. पसरट टबात पाणी घेऊन त्यात हा लगदा सोडावा. लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली की साचा झाला. साचा टबात उभा बुडवून, पाण्याखाली आडवा करून, सरळ वर उचलावा आणि पाणी निथळत असतानाच एकदा उजवी-डावीकडे, एकदा पुढे-मागे हलवावा. मग जुन्या धोतराच्या ओल्या तुकड्यावर तो उपडा घालून, पाठीमागून स्पंजने पाणी टिपून घेतले की ताव कापडावर सुटतो. तो जाड हवा की पातळ, हे टबातला लगदा आणि पाणी यांच्या प्रमाणावर ठरते, त्यामुळे दर दोन-तीन तावांनंतर थोडा लगदा वाढवावा लागतो.

लगद्यात पाकळ्या घालायच्या तर झेंडूच्या घालाव्यात. झेंडूचा रंग टिकतो. गुलाब आणि जास्वंद वाळताना तपकिरी होतात. कांद्याची टरफलेही छान दिसतात. लिहायचे असेल तर वाळलेल्या तावावर तांदळाच्या पातळ पेजेचा हात द्यावा आणि पुन्हा वाळल्यावर वाटीच्या बुडाने घोटावे. खळीला कसर लागते. जुने पुस्तक-बांधणीकार तीत मोरचूद घालत, पण ते विषारी असल्याने मुलांच्या हातात जाणाऱ्या कागदाला वापरू नये.

कागद आणि टाका एकाच वस्तूत भेटतात ते व्यापाऱ्याच्या चोपडीत, जिची लक्ष्मीपूजनाला पूजा होते. तिचे लाल कापडी वेष्टण आत भर घालून पांढऱ्या दोऱ्याने ओळीओळीने शिवलेले असते, म्हणजे ती एक छोटी गोधडीच. आतल्या तावांवर रेघा न आखता उभ्या घड्या घालून रकाने पाडत. घरी अशी वही करायला सहा ताव दुमडून एकात एक घालावेत, वरून शिवलेले कापड घ्यावे आणि घडीवर दाभणाने तीन भोके पाडावीत. मेण लावलेला दोरा मधल्या भोकातून बाहेर काढून वरच्या भोकातून आत घ्यावा, आतून मधले भोक ओलांडून खालच्यातून बाहेर न्यावा आणि पुन्हा मधल्यातून आत आणून आतल्या लांब टाक्यावर गाठ मारावी. गिरणीचा कागद एका दिशेने नीट दुमडतो आणि दुसऱ्या दिशेने मोडतो, कारण यंत्रात त्याचे तंतू धावत्या पट्ट्याच्या दिशेला वळलेले असतात. साचा दोन्ही दिशांनी हलवून काढलेल्या तावात तंतू सगळीकडे पसरतात. त्यामुळे तो उभा दुमडला काय आणि आडवा दुमडला काय, घडी सारखीच बसते.