ऑनलाइन प्रशिक्षण कातकरी वाडीपर्यंत का पोचत नाही?

आजचा विषय आहे प्रौढ आदिवासींचं ऑनलाइन शिक्षण आणि रोजगार प्रशिक्षण. आपण पनवेलमध्ये बसलोय, तर उदाहरणही इथलंच घेऊ. शहराच्या एका बाजूला विमानतळ आहे, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. दुसऱ्या बाजूला माथेरानच्या पायथ्याशी, मालडुंगे-धोदाणीच्या पट्ट्यात ठाकर आणि कातकरी वाड्या. अंतर फार नाही. पण वाडीतल्या तिशीतल्या बाईला किंवा बाप्याला इकडच्या कामाचं प्रशिक्षण घ्यायचं म्हटलं, तर ते मिळतं का?

कागदावर मिळतं. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आली, आणि घरं-रस्त्यांबरोबर मोबाईल टॉवर आणि व्यवसाय शिक्षणही तिच्यात आहे. त्याच वर्षी स्किल इंडिया डिजिटल हब सुरू झालं. मोबाईलवर नोंदणी करायची, शिकायचं.

आता नोंदणीला आधार लागतं, आणि ओटीपीसाठी आधारला जोडलेला नंबर. घरात फोन एक, तो पोराच्या हातात, रिचार्ज संपला की नंबर बंद. धडे हिंदीत किंवा पुस्तकी मराठीत, आणि घरात बोली कातकरी. रेंजचं तर बोलायलाच नको. या अडचणी सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यावर उपायही आहेत. धडे आधीच उतरवून घ्यायचे, वाडीतल्याच शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने दहा-बारा जणांना एकत्र बसवून ते ऐकवायचे.

खरी अडचण वेगळीच आहे. ती वर्षाच्या चक्रात आहे, बरं का.

दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या आत उरकायच्या म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत प्रशिक्षणाच्या तुकड्या काढल्या, तर वाडी रिकामी! वाडी भरलेली असते पावसाळ्यात. भाताची लावणी उरकली की कापणीपर्यंत दोन-अडीच महिने माणसं घरी असतात. पण याच दिवसांत हाताला काम नसतं, आणि चूल पेटवायला मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतली जाते. एकदा उचल घेतली की दिवाळीनंतर भट्टी ठरलेली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, पण उचलीची पकड त्याने सुटलेली नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं, की वर्ग श्रावण-भाद्रपदात घ्या आणि शिकणाऱ्याला रोजची मजुरी द्या. विद्यावेतन शेवटी, परीक्षेनंतर, बँकेत नको. दर आठवड्याला हवं. ते पैसे उचलीच्या जागी येतात, तेव्हाच माणूस दिवाळीनंतर दुसऱ्या कामाला मोकळा राहतो. नाहीतर प्रमाणपत्र ट्रंकेत आणि माणूस भट्टीवर.

शिकवायचं काय, हाही प्रश्न आहेच. कातकऱ्यांचं नावच खैराच्या कातावरून पडलेलं. जंगल, मासेमारी, वनस्पती यांची जाण घरातून येते. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरला, कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेलीचं काम उभं केलं. गोळा करणं ठाऊक होतंच. शिकावं लागलं ते वाळवणं, दळणं, पॅकिंग, आणि माल बाजारात व ऑनलाइन विकणं. पुढे मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून मागणी आली. म्हणजे अर्धं ज्ञान आधीच हातात होतं, म्हणून उरलेलं अर्धं लवकर रुजलं.

ज्यांना जंगलाचं काम नकोय, त्यांच्यासाठी कौशल्य विकास योजनेत एक सोय आहे. आधीपासून येणाऱ्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. वर्षानुवर्षं बांधकामावर राबलेल्या माणसाला विटा कशा रचायच्या याचे व्हिडिओ दाखवण्यापेक्षा ही चाचणी वाडीत नेणं केव्हाही बरं. पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, पनवेलमध्ये बांधकामं आहेत, ठेकेदार आहेत. पुढची तुकडी कधी काढायची, हे मात्र लावणी कधी उरकते ते वाडीला विचारून ठरवावं लागेल.