एक्स्प्लेनर : साक्षरता वर्ग सुरू झाल्यावरही स्वयंसेवकांना प्रशिक्षण का हवं?

समजा, कॉलेजात शिकणारी एक मुलगी शेजारच्या आजींना अंक शिकवते आहे. ती 'त्रेपन्न' म्हणते. आजी आधी ३ लिहितात, मग ५. झाले ३५! ऐकू आलं तसंच त्यांनी लिहिलं. आता चूक समजावायची कशी? पहिल्या प्रशिक्षणात हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता.

कार्यक्रम काय आहे?
केंद्राचा 'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम' २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. १५ वर्षांवरील निरक्षरांना शिकवण्याची भिस्त विनामानधन स्वयंसेवकांवर आहे. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची १५० गुणांची चाचणी होते.

सुरुवातीचं प्रशिक्षण पुरत का नाही?
कारण खरे प्रश्न शिकवायला लागल्यावर पडतात. रफार कुठे द्यायचा, हातचा कसा समजवायचा, एकाला अक्षरं येत नाहीत आणि दुसरी वाक्य वाचते तर दोघांना एकत्र कसं बसवायचं?

पुरावा काय सांगतो?
'प्रथम' संस्थेच्या शाळकरी मुलांसाठीच्या उपक्रमांचा अभ्यास नोबेलविजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी केला. बिहारमध्ये शिक्षकांना फक्त साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तेव्हा मुलांच्या शिकण्यात ठळक फरक पडला नाही. जोडीला स्वयंसेवक दिले, तेव्हा पडला. हरियाणात २०१२-१३ मध्ये वेगळा तास ठेवला, मुलांचे स्तरानुसार गट केले आणि समन्वयक वर्गात जाऊन मदत करू लागले. तिथे मुलांचं हिंदी सुधारलं. प्रौढांचे वर्ग वेगळे असले, तरी धडा लागू पडतो : प्रशिक्षण देऊन मोकळं होता येत नाही.

मधलं प्रशिक्षण कसं असावं?
• आधी शिकणाऱ्यांची छोटी तपासणी : अक्षर, शब्द की वाक्य, कोण कुठे आहे?
• भाषण नको. स्वयंसेवकांनी आपली एकेक अडचण आणावी, त्यावर तिथेच शिकवून दाखवावं. त्रेपन्नसाठी दहाच्या ५ जुड्या आणि ३ सुट्या काड्या पुरतात.
• नंतर कुणीतरी वर्गात यावं, निदान फोन तरी करावा.

नाही केलं तर?
विनामानधन काम करणारा अडला, की राजीनामा देत नाही. नुसता यायचा थांबतो. लहानपणी शाळा सुटलेल्या आजींचं शिक्षण मग दुसऱ्यांदा सुटतं.