कोणता वर्ग, कोण ठरवणार?

अमेरिकी विद्यापीठांत पहिल्या वर्षी लेखनाचा अभ्यासक्रम बहुतेकांना चुकत नाही. कोणी थेट मुख्य वर्गात बसायचं आणि कोणी आधी पाया पक्का करायचा, हा वाद मात्र जुना आहे.

१८७४ : हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत छोटा इंग्रजी निबंध सक्तीचा केला. विषय शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट यांच्या नेमलेल्या पुस्तकांतून निघायचा. व्याकरणाबरोबर विरामचिन्हंही तपासली जात.

१९९६ : मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठाने निवड विद्यार्थ्यांवरच सोपवली. डॅनियल रॉयर आणि रॉजर गिल्स या प्राध्यापकांनी दोन्ही वर्ग समजावून सांगितले आणि नव्या मुलांच्या हाती एक माहितीपत्रक दिलं. आपण वर्तमानपत्रं नेमाने वाचतो का, आवडीने पुस्तक हाती घेतो का, शाळेत वर्षाला काही निबंध लिहिले का? लागू पडेल त्यावर खूण करायची आणि वर्ग आपणच निवडायचा.

२००७ : बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात वेगळी शक्कल निघाली. वीसजणांच्या मुख्य वर्गात आठ कच्चे विद्यार्थी बसवले. तास संपला की बाकीचे बाहेर पडत. हे आठजण त्याच शिक्षकांकडे जादा तासाला थांबत.

२०१७ : कॅलिफोर्नियाने 'एबी ७०५' हा कायदा केला. त्यानुसार तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत वर्ग ठरवताना एका दिवसाच्या चाचणीऐवजी हायस्कूलचे गुण पाहिले जातात.