एका छताखालच्या चार इयत्ता

मुळशी तालुक्याच्या पूर्व अंगाला, जेथे हिंजवडी, भूगाव, पिरंगूट ही गावे पुणे शहराच्या विस्तारात जवळजवळ मिसळून गेली आहेत, तेथील शाळांना वाढत्या पटाची विवंचना असते. परंतु तालुक्याचे ठाणे असलेले पौड मागे टाकून धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जाऊ लागले, म्हणजे वस्ती विरळ होत जाते, पावसाचे मान वाढत जाते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या हजेरीपटावरील नावे इतकी थोडी उरतात, की पहिलीपासून चौथीपर्यंतची सारी मुले एका, किंवा फार तर दोन खोल्यांत सामावतात. हा हिशेब कायद्यातच आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालशिक्षणहक्काच्या अधिनियमाने साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरवून दिले. तेव्हा शिक्षक दोन आणि इयत्ता चार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एकाच वेळी किमान दोन वर्ग येणार, हे उघड आहे.

ही व्यवस्था दारिद्र्याची खूण समजण्याची आपल्याकडे चाल आहे. तथापि जुन्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरवणारा आणि हिशेब मांडणारा विद्यार्थी एकाच ओसरीवर बसत, व थोरला धाकट्याला सांगे. अशाच देशी रीतीचा लाभ घेऊन मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने, मलबारी मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहून, आपल्या शाळेत वाळूवरचे लेखन आणि विद्यार्थ्यांकरवी अध्यापन सुरू केले. १७९७ मध्ये त्याने लंडनात प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतामुळे ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून विलायतेत फैलावली. त्या पद्धतीत घोकंपट्टी फार होती, हे खरे. पण लहान-थोर एकत्र बसले म्हणजे विद्या खुंटते, हा समज तिने निदान खोटा पाडला.

आजच्या मिश्रवर्गात पाहण्यासारखे असते ते निराळेच. पहिलीतील मुलाची कृती हाताची असते. रेघोट्या, मातीकाम, बडबडगीते यांतून त्याचा हात आणि कान तयार झाल्यावर अक्षरे येतात, आणि तीही वर्णमालेच्या क्रमाने न येता, ज्यांच्यापासून लगेच शब्द बनेल अशा लहान गटांनी येतात. ‘घ’ आणि ‘र’ हाती आले, की ‘घर’ वाचता येते आणि वाचनाला त्याच दिवशी अर्थ लाभतो. दुसरीत चिंचोके आणि काड्या हे गणिताचे साहित्य होते: दहा सुट्या काड्यांचा गठ्ठा बांधणे म्हणजे दशक, आणि वजाबाकीसाठी तो गठ्ठा सोडणे म्हणजे दशक मोडून एकक करणे, हे बोटांना आधी कळते व पाटीवर मागाहून उतरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, आणि पुढे कोसबाडला, परिसरातील शंख-शिंपले, पाने, बिया यांवर बालशिक्षणाची उभारणी करून हे तत्त्व ग्रामीण महाराष्ट्रास घालून दिले. मुळशीत तर भाताच्या काडीला तोटा नाही.

तिसरीत कृती हातातून नजरेत जाते. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात मुलाला आपला जिल्हा प्रथम भेटतो; पण जिल्ह्याचा नकाशा कळण्यापूर्वी वर्गाचा, मग शाळेच्या आवाराचा, मग घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा आराखडा त्याने स्वतः काढलेला असावा लागतो. मुळा नदी कोठून येते, धरणात कशी अडते आणि पुण्याकडे कशी जाते, हे ज्याने ओढ्याच्या वळणावर उभे राहून ताडले, त्याला नकाशातील निळी रेघ परकी वाटत नाही.

चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास येतो, आणि घनगड, कोराईगड, कैलासगड ज्यांच्या सह्याद्रीत उभे आहेत त्या मुलांना दिवाळीचा मातीचा किल्ला हा अभ्यासाचा भाग करून देणे अवघड नाही: दरवाजा कोणत्या अंगाला, पाण्याची टाकी कोठे, माची कोणती, हे प्रत्यक्ष गड पाहून ठरवायचे, आणि पावलांनी मोजलेले अंतर वितींत उतरवायचे, यात इतिहास, भूगोल व प्रमाण ही तिन्ही एकत्र येतात. पाचवीचा वर्ग असेल, तर कृती हात व नजर ओलांडून प्रश्नापर्यंत पोहोचू शकते. १९२१ साली सेनापती बापट ज्याचे अग्रणी होते तो मुळशी सत्याग्रह, टाटांच्या विजेसाठी बांधल्या जात असलेल्या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून, याच खोऱ्यात झाला. घरातील वडीलधाऱ्यांना जुन्या गावठाणाविषयी विचारून, मिळालेली उत्तरे लिहून काढून, ती एकमेकांशी ताडून पाहणे ही पाचवीच्या मुलाला पेलण्यासारखी संशोधनाची पहिली पायरी आहे.

या क्रमावर सरकारी कागदाचीही मोहोर आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणताना तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प आदी साधनांनी होणाऱ्या आकारिक मूल्यमापनास पहिली-दुसरीत ७० टक्के भार दिला, तिसरी-चौथीत ६०, आणि पाचवी-सहावीत ५०. उरलेला भार सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचा. या उतरत्या आकड्यांचा अर्थ अनेक जण असा लावतात, की मूल मोठे झाले म्हणजे कृती आटोपती घ्यावी आणि लेखी सराव वाढवावा. वस्तुतः कृती संपत नाही, ती रूप पालटते. आणि हे रूपांतर चार इयत्ता जेथे एकत्र बसतात तेथे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, कारण पुढच्या वर्षी आपण काय करणार हे शेजारच्या रांगेत रोज चाललेले असते.

प्रश्न उरतो तो एकट्या शिक्षकाच्या आवाक्याचा. चार वर्गांना चार स्वतंत्र पाठ देऊ पाहणारा शिक्षक थकतो आणि तीन वर्गांना नक्कललेखनास बसवतो. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी त्यावर अभ्यासपत्रिकांची शिडी योजली, जिच्यावर प्रत्येक मूल आपल्या गतीने चढते. तमिळनाडूने त्या धर्तीची कृतियुक्त अध्ययनपद्धती राज्यभर नेली. आणि आपल्या सातारा जिल्ह्यात कुमठे बीटातील शाळांनी फरशीवरच अंक-अक्षरांची रेखाटने करून गटागटाने शिकणे रूढ केले. मुळशीकराला सर्वांत सुलभ साधन म्हणजे पाऊस: तो एक विषय घ्यावा, पहिलीने थेंबाची गाणी म्हणावी, दुसरीने पावसाचे दिवस काड्यांनी मोजावेत, तिसरीने पाणी वाहून जाण्याची दिशा टिपावी, आणि चौथीने सपाट बुडाच्या, सरळ बाजूंच्या बरणीतील पाण्याची उंची रोज मिलिमीटरांत नोंदवून महिन्याचा आलेख काढावा. पाठ एकच, उंची मात्र चार.

एवढ्यावरून एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळा हीच आदर्श होय, असा निष्कर्ष काढणे अप्रामाणिक ठरेल. रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी कोणी नसणे आणि अहवालांच्या रकान्यांत शिकवण्याचा वेळ जाणे, या अडचणी कोणत्याही उपक्रमाने मिटत नाहीत. त्यांचा बंदोबस्त शासनाने करावयाचा आहे. पण तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने शेरेबुकात पट आणि इयत्ता एवढेच न नोंदवता, या मुलाचे काम गेल्या वर्षीच्या त्याच्याच कामाहून कोणत्या बाबतीत निराळे झाले, हे मुलालाच विचारून लिहावयास प्रारंभ केला, तर डोंगरातील एका खोलीच्या शाळेची योग्यता तिच्या भिंतींवरून ठरवण्याचे कारण उरणार नाही.