अर्धा हंगाम झाला, आता गडी कसे तोलावे?

दिवाळी झाली, खळ्यावरची मळणी उरकली, की गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावचा उरूस. कुठे ढाल ठेवतात, कुठे रोख बक्षीस. संक्रांत येईतो निम्मे सामने होऊन जातात. निम्मे पुढे असतात, ते चैताच्या जत्रांपर्यंत चालतात. अशा वेळी गावात एक बैठक बसते. कधी पारावर, कधी चहाच्या दुकानात. विषय एकच. पुढे कुणाला खेळवायचे आणि कुणाला बसवायचे?

या बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याचे म्हणणे खरे ठरते. "अहो, तो कोपऱ्यातला पोरगा काढा. त्याच्यापायी परवा हरलो." झाले! पोराचे नाव कटले. पण खरेच त्याच्यापायी हरलो का? ते कुणी मोजले आहे का? बाजारात आपण वांगीसुद्धा तराजूत घालून घेतो. मग गडी नुसत्या नजरेने कसे तोलावे?

खेळ आपल्याला ठाऊकच आहे. आपले वडील त्याला हुतुतू म्हणत. तरी दोनचार नियम पुन्हा सांगतो, कारण सगळा हिशेब त्यांवरच उभा आहे. मैदानात सात गडी. चढाईला तीस सेकंद. चढाई करणाऱ्याने जितके गडी बाद केले, तितके गुण. तो पकडला गेला, तर समोरच्यांना एक गुण. एक गडी बाद झाला, की समोरचा बाहेर बसलेला एक गडी उठून आत येतो. सगळा संघ बाद झाला, तर लोण चढतो आणि त्याचे दोन गुण जादा मिळतात.

आता चढाई करणाऱ्याचे बघू. समजा, आपल्याकडे दोघे आहेत. पहिल्याने वीस चढाया केल्या, दहा गुण आणले, पण सात वेळा पकडला गेला. दुसऱ्याने वीस चढायांत सातच गुण आणले, पण एकदाच पकडला गेला. टाळ्या कुणाला पडतील? पहिल्याला! तो उडी मारून येतो, दोघांना घेऊन येतो, लोक शिट्ट्या वाजवतात. पण वजाबाकी करा. पहिल्याचे दहातून सात गेले, उरले तीन. दुसऱ्याचे सातातून एक गेला, उरले सहा.

हिशेब इथेच संपत नाही. पहिला सात वेळा पकडला गेला, म्हणजे सात वेळा तो बाहेर जाऊन बसला. तो बाहेर, तेव्हा मैदानात आपले गडी सहा, पाच, चार. त्या वेळी समोरचा चढाईला आला, तर त्याला मोकळे रान मिळते. शिवाय बाहेर गेलेला गडी आपल्या मर्जीने परत येत नाही. आपण समोरचा गडी बाद करावा, तेव्हा त्याने यावे. तेही बाद झालेल्यांच्या क्रमाने. त्याच्या आधी दोघे बसले असतील, तर तो तिसरा. सामना हातघाईवर आलेला, आणि आपला वाघ बाहेर गुडघे धरून बसलेला! असे आपण सर्वांनी पाहिले आहे.

म्हणून दुसरा गडी वाईट नाही. पण त्याचेही एक बघावे. तो पकडला जात नाही, कारण आत जातच नाही, असे तर नाही ना? मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. ती ओलांडून परत आले की चढाई वैध. तेवढेच करून कुणी रिकामा परत येत असेल, तर ते भित्रेपण. मात्र आपण पुढे आहोत, वेळ थोडा उरला आहे, तेव्हा रिकामी चढाई हीच शहाणपणाची. तेव्हा ती चढाई कोणत्या वेळी झाली, हेही लिहून ठेवावे.

बोनसचे तसेच. समोर सहा किंवा सात गडी असतील, तेव्हाच बोनस रेषेपलीकडे पाय टाकून एक गुण मिळतो. पण त्या गुणाने आपला बाहेर बसलेला गडी उठत नाही. हे पुष्कळ जण विसरतात.

आता पकड करणारे. यांचे मोल करताना माणसे फार चुकतात. चढाई सगळे बघतात, पण कोपऱ्यावरचा गडी दोन पावले मागे सरकून वाट बघत उभा राहिला, ते कोण बघतो? चांगल्या पकडीची तीच तर सुरुवात असते. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. टीव्हीवर बघून पोरे झेप घ्यायला शिकली. झेप चांगली, पण चुकली की झेप घेणारा बाद आणि मदतीला धावलेलाही बाद. दोन गुण गेले.

तेव्हा प्रत्येक पकडीसमोर दोन नावे लिहावीत. पाय कुणी धरला, आणि मागून येऊन कुणी दाबला. पुकारताना एकाचेच नाव घेतात. दुसऱ्याचे नाव वहीतच राहते. आणि मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड झाली, तर एक गुण जादा असतो. अशी पकड कोण करतो, त्याच्या नावापुढे खूण करा.

आमच्या गावची गोष्ट सांगतो. काही वर्षांमागे आम्ही ओळीने तीन सामने हरलो. सगळा दोष डाव्या कोपऱ्यावरच्या पोरावर आला, कारण शेवटच्या मिनिटाला गडी त्याच्या हातून सुटला होता. सर्वांनी पाहिले होते. त्याचा बाप बैठकीत खाली मान घालून बसला होता. आमचा शिंपी गुण मांडायला बसत असे. त्याने मापाच्या जुन्या वहीत एकेक चढाई लिहून ठेवली होती. ती त्याने वाचून दाखवली. सगळ्यांत जास्त पकडी त्या पोराच्याच निघाल्या. गडी सुटले ते बहुतेक तेव्हा, जेव्हा मधले दोघे मदतीला आलेच नाहीत. आणि गावाचा लाडका चढाईवाला? तो दर सामन्यात चार-पाच वेळा पकडला गेला होता.

पोरगा राहिला. चढाईवाल्याला काढला नाही, फक्त त्याच्या चढाया कमी केल्या. तो रुसला, आठ दिवस सरावाला आला नाही. मग आला. पुढच्या जत्रेत आम्ही उपांत्य फेरीत हरलो, तेही खरे.

एका गुणाने काय होते, असे कुणी म्हणेल. आशियाई खेळांत कबड्डी १९९० साली बीजिंगला आली. तेव्हापासून पुरुषांचे सुवर्ण भारताकडेच होते. २०१८ साली जकार्तात इराणने आपल्याला उपांत्य सामन्यात हरवले. महिलांचा अंतिम सामनाही इराणनेच जिंकला, आणि त्यांच्या प्रशिक्षिका होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! पुढे २०२३ साली हांगझोऊला भारताच्या महिलांनी सुवर्ण परत आणले, ते चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून. एकच गुण!

पण वहीलाही आंधळेपणाने मानू नये. ज्याने दोनच सामने खेळले, त्याच्या आकड्यांवरून काही ठरत नाही. कुणाचे गुण दुबळ्या संघापुढचे असतात, कुणाचे तालुक्याच्या पहिल्या संघापुढचे. समोर कोण होते, ते पानाच्या वरच लिहा.

आणि अंगाकडे बघा. निम्म्या हंगामात गुडघा, घोटा, खांदा कुरकुरू लागतो. पोरे सांगत नाहीत, कारण सांगितले तर बसवतील ही भीती. ज्याचा खेळ एकाएकी उतरला, त्याला दोष देण्याआधी बाजूला घ्या. उकिडवे बसायला सांगा, एका पायावर उभे राहायला सांगा. तोंड वाकडे झाले, तर कळलेच. त्याला पंधरा दिवस विश्रांती द्या, डॉक्टरांना दाखवा, आणि त्याची जागा राखून ठेवली आहे असे त्याच्या घरी जाऊन सांगा. राखीव गडी पाच असतात, ते त्यासाठीच.